गाजरपारखी

ज्याला माणसाची, मालाची, गुणाची कशाचीच पारख नाही, त्याला मराठीत ‘गाजरपारखी’ म्हणतात. रत्न पारखायला नजर लागते, गाजर काय कुणीही पारखेल, असा त्यातला टोमणा. गेल्या वर्षी जानेवारीत गच्चीवरच्या क्रेटमधून मी घरचं पहिलं गाजर उपटलं आणि या टोमण्याबद्दल शंका आली. वर हातभर हिरवागार पाला होता. खाली बोटाएवढ्या तीन तंगड्या, एकमेकींत अडकलेल्या, अंगभर दाढीसारखी तंतुमुळं. साताऱ्याकडे आयुष्यभर शेती केलेली माझी आत्या तेव्हा आमच्याकडे आली होती. तिनं ते गाजर उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, “माती चाळली नव्हतीस होय रे? अन् शेणखतही कच्चंच घातलंस.”

मी तिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तिनं गाजर वाचलं होतं.

तेव्हापासून मी गाजर वाचायला शिकतो आहे. टोमॅटो, मिरची, वांगं यांचं दुखणं पानाफुलांवर दिसतं आणि वेळीच उपायही करता येतो. गाजराचा सगळा कारभार मातीआड. उपटेपर्यंत काही कळत नाही आणि उपटल्यावर काही दुरुस्त करता येत नाही. पण माती, पाणी, उन्हाळा-हिवाळा, माळ्याचा आळस, या सगळ्याची नोंद ते अंगावर ठेवतं. ती वाचता आली की पुढच्या हंगामाचं गाजर सुधारतं.

आधी लांबी, मग जाडी

गाजर म्हणजे अन्न साठवून फुगलेलं सोटमूळ. बी रुजलं की हे मूळ दोऱ्यासारखं सरळ खाली सुटतं. त्याच्या टोकावर एक टोपी असते आणि तिच्यातल्या काही पेशींमध्ये पिष्टाचे जड कण असतात. ते कण पेशीच्या तळाशी बसतात, त्यावरून मुळाला खालची दिशा कळते. पहिल्या तीन-चार आठवड्यांत मूळ मुख्यतः लांब होत जातं. जाडी त्यानंतर भरते. म्हणजे वर कोथिंबिरीसारखी दोन-तीन नाजूक पानं दिसत असतात, तेव्हा खाली गाजराची लांबी आणि आकार जवळजवळ ठरून गेलेला असतो.

या काळात मुळाचं टोक खड्याला अडलं, कडक थराला थटलं किंवा कुजलं, तर त्याचा वाढीवरचा ताबा सुटतो. मग बाजूची मुळं पुढं होतात, एकाऐवजी दोन-तीन खाली निघतात आणि सगळीच जाड होऊ लागतात. माझ्या गाजराच्या तीन तंगड्या अशा फुटल्या. रोपवाटिकेतून ट्रेमधली रोपं आणून गाजर लावू नये, तेही याच कारणानं. उपटताना टोक दुखावतं, लावताना मूळ दुमडतं. वांग्या-मिरचीचं रोप हे सोसतं, कारण आपण त्यांची मुळं खात नाही. गाजराचं बी जिथं पेरलं तिथंच ते वाढलं पाहिजे.

गादीवाफ्याचं गणित

महाराष्ट्राच्या पठारावरच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेली ही माती ओली झाली की फुगते, चिकट होते आणि वाळली की भेगाळून दगडासारखी घट्ट होते. ज्वारी-कापसाला ती मानवते, गाजराच्या कोवळ्या टोकाला नाही. त्यामुळे अंगणात जागा असली तरी गाजरासाठी गादीवाफा करावा. भुसभुशीत माती आजूबाजूच्या जमिनीपासून वीतभर उंच उचलायची, म्हणजे मुळाला मोकळी वाट मिळते आणि जादा पाणी निथळून जातं. वाफ्यावर एकदा पाय पडला की ही सगळी मेहनत गेली. म्हणून दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचेल इतकीच रुंदी ठेवायची.

गच्चीवर हेच काम भाजीचे जुने क्रेट, बादल्या किंवा खोल कुंड्या करतात. भांडं निदान ३० सेंटिमीटर खोल हवं. दोन भाग चाळलेली माती, दोन भाग कोकोपीट आणि एक भाग पूर्ण मुरलेलं गांडूळखत किंवा शेणखत, हे मिश्रण मला मानवलं.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर द्यायची आपली जुनी सवय मात्र सोडायला हवी. का, ते स्वयंपाकघरातला स्पंज सांगतो. स्पंज पाण्यात पुरता भिजवा आणि आडवा धरा. थेंब गळायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. मातीतल्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात, आणि तळाशी अशा गच्च ओल्या थराची उंची मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. उथळ कुंडीत हा थर मोठा वाटा व्यापतो, खोल कुंडीत लहान. खाली खडी घातली तर वरची बारीक माती पूर्ण भिजेपर्यंत पाणी खडीत उतरत नाही. ओला थर तेवढाच राहतो, फक्त खडीच्या उंचीइतका वर सरकतो आणि गाजराला तेवढी जागा कमी मिळते. खडीऐवजी भोकं मोठी ठेवावीत आणि त्यांवर जाळीचा तुकडा टाकावा.

गच्चीवाल्यांसाठी आणखी एक हिशेब. एक चौरस मीटर जागेवर ३० सेंटिमीटर थर म्हणजे ३०० लिटर माती. ओली झाल्यावर तिचं वजन ५०० किलोच्या घरात जातं. प्रत्येक चौरस मीटरवर एक म्हैस बांधल्यासारखं. कोकोपीटनं हा भार कमी होतो, तरी मोठे वाफे करण्याआधी इमारतीच्या अभियंत्याला विचारलेलं बरं.

मसाल्याच्या डब्यातले सोयरे

गाजर हे धने, जिरं, ओवा, बडीशेप, शेपू आणि हिंग यांच्या कुळातलं. धन्याचा दाणा बोटांत रगडला की त्याच्या दोन वाट्या होतात, त्या प्रत्येकीत एक बी. आपण गाजराचं बी म्हणतो तेही असंच अर्धं फळ असतं. मुळात त्यावर बारीक काटे असतात, ते घासून काढल्यावर बी पाकिटात भरतात. एका ग्रॅममध्ये साताठशे दाणे सहज बसतात, म्हणून बारीक वाळूत मिसळून पेरावं, नाहीतर एकाच जागी गर्दी होते.

या बियांपुढे खरी परीक्षा असते ती आपल्या संयमाची. मेथी तीन दिवसांत वर येते. गाजराला आठ-दहा दिवस लागतात, थंडी असेल तर दोन-तीन आठवडेही. कारण बियांच्या आतला भ्रूण अगदी लहान, अर्धवट वाढलेला असतो. पाणी मिळालं की तो आधी बियांतल्या साठ्यावर आतल्या आत वाढतो, मग मूळ बाहेर काढतो. ही वाढ सुरू झाल्यावर एक दिवस जरी वरचा थर कोरडा पडला, तर बी संपलं. आपण मात्र ‘बी खराब निघालं’ म्हणून दुकानदाराला बोल लावतो. अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरून वर ओलं गोणपाट अंथरावं, ते रोज शिंपडून ओलं ठेवावं आणि पहिले हिरवे कोंब दिसले की लगेच उचलावं.

मग विरळणी. हे जिवावर येतं, पण दोन रोपांत पाच-सात सेंटिमीटर अंतर राहील अशी बाकीची रोपं काढून टाकावीच लागतात. उपटण्यापेक्षा कात्रीनं कापावीत, म्हणजे शेजारणीचं मूळ हलत नाही. कापलेली पानं आमटीत टाकावीत.

रंग कुठून येतो

गाजर आडवं कापा. मधला फिका गाभा झाडाला पाणी पोचवणाऱ्या ऊतींचा आणि बाहेरचा गडद भाग अन्न वाहणाऱ्या व साठवणाऱ्या ऊतींचा. दोघांच्या सीमेवर पेशी विभागणारं बारीक कडं असतं, तेच गाजराची जाडी वाढवतं. साखर आणि रंग बाहेरच्या भागात जास्त, म्हणून बारीक गाभ्याचं गाजर चांगलं.

याच बाहेरच्या भागातले तुकडे घेऊन अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एफ. सी. स्टीवर्ड यांनी प्रयोग केले. त्या पेशी वाढवण्यासाठी त्यांनी वापरलं नारळाचं पाणी. १९५८ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की मुळातल्या सुट्या पेशींपासून अख्खं नवं झाड उभं राहू शकतं. जळगावच्या केळीबागांत आज ऊतिसंवर्धित रोपं लागतात, त्या शास्त्राच्या पायातला एक दगड गाजराचा आहे.

‘कॅरोटीन’ हे नावही गाजराचंच. १८३१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ वॅकेनरोडर यांनी ते गाजरातून वेगळं केलं. केशरी गाजरात बीटा कॅरोटीन मुख्य. हलव्याच्या लाल गाजरात टोमॅटो-कलिंगडातलं लायकोपीन भरपूर, आणि उत्तरेत कांजीसाठी वापरतात त्या काळ्या गाजरात जांभळातलं अँथोसायनिन. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं काढलेल्या पुसा रुधिरा, पुसा मेघाली आणि पुसा असिता या जाती अनुक्रमे लाल, केशरी आणि काळ्या. लाल गाजर लांब जातं. कुंडीसाठी नॅन्टिससारखी आखूड, बोथट टोकाची जात सोयीची.

रंग सगळ्यात छान भरतो तो १५ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास. म्हणून आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचं, तीनेक महिन्यांनी काढायचं. नॅन्टिसचं घरचं बी मात्र धरता येत नाही. ही युरोपी जात फुलायला कित्येक आठवडे कडक थंडी मागते, तिचं बी कुलूसारख्या डोंगराळ भागात तयार होतं. आपली लाल देशी गाजरं मैदानातही फुलतात. एखादं जमिनीत राहू द्या, धन्यासारखी पांढरी छत्री उघडेल.

गाजराची जबानी

आता आत्याची विद्या. फाटे फुटले, तर खडे, घट्ट माती किंवा कच्चं खत. मुळांवर मण्यांसारख्या गाठी, तर सूत्रकृमी, पुढच्या वर्षी त्या मातीत गाजर नको. पाला मोठा आणि गाजर करंगळीएवढं, तर नत्र जास्त झालं किंवा विरळणी केली नाही. अंगावर केसाळ मुळं, तर तेच नत्र किंवा सततचं जादा पाणी. रंग फिका, तर पेरणी उशिरा होऊन उन्हात सापडलं किंवा मुळाशी पाणी साचलं. खांद्याला हिरवं, तर माती खचून डोकं उघडं पडलं आणि उजेडात हरितद्रव्य तयार झालं, तिथं वेळीच माती ओढायला हवी होती. शेतातून नीट आलेलं गाजर फ्रिजमध्ये कडू झालं, तर शेजारी सफरचंदं ठेवली होती. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं गाजरात कडू द्रव्य तयार होतं.

या वर्षी मी माती चाळली, खत आधीच्या उन्हाळ्यापासून मुरवलं, खडी टाकून दिली. एका क्रेटमधून बारा गाजरं निघाली. अकरा सरळसोट. बारावं वरपासून खालपर्यंत उभं चिरलेलं. आत्याला फोनवर फोटो पाठवला, तिचं उत्तर लगेच आलं, “कोरडं ठेवून एकदम पाणी पाजलंस.”

खरं होतं. डिसेंबरात नाशिकला लग्न होतं, चार दिवस घर बंद. परतल्यावर त्या टोकाच्या गाजरावर मी अख्खी झारी रिकामी केली होती. तहानेनं कडक झालेली साल ताणली गेली नाही, आतला गर मात्र एकदम फुगला. लग्नाचा अल्बम अजून यायचा आहे. गाजरानं मात्र ती तारीख केव्हाच नोंदवून ठेवली होती. तेच मी किसलं, दाण्याचं कूट घातलं, वरून मोहरी-हिंगाची फोडणी दिली. कॅरोटीन तेलातच विरघळतं, त्यामुळे कोशिंबिरीवरची फोडणी नुसती चवीपुरती नसते. चिरलेलं गाजर किसल्यावर सरळ गाजरापासून वेगळं ओळखू येत नाही, एवढी पारख मात्र मला पहिल्यापासून होती.