स्क्रूची खाच व पेचकसाची निवड

शाळेच्या कपाटाची बिजागरी सैल झाली, की हाताशी येईल तो पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घेऊन स्क्रू आवळण्याचा प्रयत्न होतो. तो न मिळाल्यास सुरीचे टोक किंवा नाणेही वापरले जाते. परिणाम ठरलेला असतो. खाच झिजते, स्क्रू आवळलाही जात नाही व निघतही नाही. एका शाळाभेटीत, कपाट दुरुस्त करणाऱ्या शिक्षकाच्या तळहातात निसटलेला पेचकस रुतलेला मी पाहिला. दोष हाताचा नव्हता. पाते खाचेपेक्षा फार अरुंद होते.

असे का होते, हे आधी समजून घ्यावे. हाताचा पीळ पात्यावाटे खाचेच्या भिंतींवर जातो. पाते खाचेत भरून बसले, तर हा जोर अधिक जागेवर विभागला जातो. ते सैल बसले, तर सारा भार कोपऱ्यांवर येतो, तेथील धातू सोलला जातो व पाते निसटते. म्हणून प्रथम खाच पाहावी, मग पेचकस निवडावा.

१. सरळ खाच : जुन्या दारांच्या व कपाटांच्या पितळी स्क्रूंना बहुधा हीच असते. पात्याची रुंदी खाचेच्या लांबीइतकी असावी. ते माथ्याबाहेर आले तर लाकूड ओरखडते. पात्याची जाडीही खाच भरून काढणारी असावी. टोक गोल झाले असल्यास कानशीने सरळ करावे. मात्र त्यास सुरीसारखी धार आणू नये.

२. फुलीची खाच : अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांच्या नावे १९३६ साली हिची एकस्वे नोंदली गेली. येथे पेचकस आपोआप मध्यावर बसतो. परंतु खाचेच्या भिंती तिरप्या असल्याने जोराने पिळताना तो वर उचलला जातो. म्हणून फिरविताना सरळ दाब द्यावा. याचे क्रमांक असतात. घरगुती कामात क्रमांक २ सर्वाधिक लागतो. लहान स्क्रूंस क्रमांक १ घ्यावा. फुलीच्या चार भुजांमध्ये आणखी चार बारीक रेषा दिसल्या, तर तो पोझिड्राइव्ह प्रकार होय. त्याचा पेचकस निराळा असतो.

३. इतर खाचा : कॅनडात रॉबर्टसन यांनी १९०८ च्या सुमारास चौकोनी खाच काढली. सरळ खाचेतून पेचकस निसटून हात कापल्यावर त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. षट्कोनी खाचेस वाकडी ॲलन चावी लागते, तर सहा पाकळ्यांच्या खाचेस टॉर्क्स पेचकस. या खाचांत दुसरे हत्यार घालू नये.

निवडीइतकीच कृतीही महत्त्वाची आहे. लाकडात आधी गिरमिटाने स्क्रूहून बारीक भोक पाडावे व आट्यांना थोडा साबण लावावा. जुना स्क्रू काढताना खाचेतील रंग व माती प्रथम टोकदार खिळ्याने काढावी. तो गंजला असल्यास तेलाचे थेंब सोडून काही वेळ थांबावे. भोकच मोठे झाले असेल, तर त्यात सरस लावलेली लाकडी काडी ठोकावी, सरस वाळू द्यावा व स्क्रू पुन्हा बसवावा. वस्तू एका हातात धरून दुसऱ्या हाताने पेचकस फिरवू नये. ती मेजावर टेकवावी. विजेच्या बटणफळीस हात लावण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे, आणि हे काम विद्यार्थ्यांस कधीही सांगू नये. विजेच्या टेस्टरची दांडी नाजूक असते. तिने स्क्रू आवळू नयेत.

शाळेस फार खर्च नको. चपट्या पात्याचे लहानमोठे दोन व फुलीचे क्रमांक १ आणि २ असे चार पेचकस बहुतेक कामांस पुरतात. कार्यानुभवाच्या तासास एका डब्यात निरनिराळे स्क्रू ठेवून मुलांकडून त्यांच्या जोड्या लावून घ्याव्यात. कोणता पेचकस खाचेत न डुगडुगता उभा राहतो, हे बोटांनी अनुभवलेले मूल पुढे आपल्या घरची बिजागरीही जपेल आणि आपला हातही.