रोहिणीपासून गोदावरीपर्यंत : सहकुटुंब ऐकावी अशी एक रेडिओ मालिका

२०१६ चा उन्हाळा नाशिककर विसरले नसतील. पाणीकपात चालू होती, रामकुंड कोरडे पडले होते. आमच्या वस्तीतील सार्वजनिक नळावर दोन घरांतील बायकांचे नंबरावरून भांडण झाले. हंडे आदळले, मग पुरुष धावले आणि वीस वर्षांचा शेजार तुटला. दोन्ही घरे कष्टकऱ्यांची, दोन्ही घरांत बाबासाहेबांचा फोटो. पाणी कमी पडले की शेजारीच शत्रू वाटू लागतो, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

हाच प्रकार दोन देशांत घडला तर काय होईल? या प्रश्नावर कॅनडाच्या सार्वजनिक नभोवाणीने, म्हणजे सीबीसीने, तीन भागांची मालिका केली आहे. नाव 'क्लायमेट वॉर्स', अर्थात हवामानातून पेटणारी युद्धे. सादरकर्ते ग्विन डायर हे पत्रकार व युद्धाच्या इतिहासाचे अभ्यासक. याच नावाचे त्यांचे पुस्तक २००८ साली निघाले. मालिका इंग्रजीत आहे. आमच्या मुलीने मोबाईलवर लावली आणि मध्ये मध्ये थांबवून आम्हा नवरा-बायकोला अर्थ सांगितला. तुमच्याही घरात कॉलेजात जाणारे कोणी असेल. त्यांना ती नेटवर शोधायला सांगा आणि सर्वांनी मिळून ऐका.

डायर यांनी शास्त्रज्ञ, लष्करी अधिकारी व राजकारणी यांना गाठून बोलते केले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. पृथ्वी तापली की धान्य कमी पिकते, नद्यांचे पाणी बेभरवशाचे होते. भुकेली माणसे सीमा ओलांडू लागतात आणि त्यांना अडवायला फौजा उभ्या राहतात. बड्या देशांची लष्करे याचा विचार केव्हाच करू लागली आहेत. आणि देश एकदा भांडू लागले की धूर व कार्बन कमी करण्याचा समझोता कोण कोणाशी करणार?

सिंधू नदीच्या पाण्यावरून भारत-पाकिस्तान युद्ध पेटते, असा एक कल्पित प्रसंगही त्यांनी रंगविला आहे. ऐकताना अतिशयोक्ती वाटते. परंतु १९६० चा सिंधू जल करार १९६५ व १९७१ च्या युद्धांतही टिकला होता. तो एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर भारताने स्थगित केला. त्याचे कारण दहशतवादी हल्ला होता, हवामान नव्हे. तरीही पाणी भांडणात ओढले गेले, हे खरे.

युद्ध लांबचे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि जगात गहू महागला. त्याच मार्चमध्ये उत्तर भारतात कडक उन्हाने गव्हाचे दाणे बारीक राहिले. १३ मे २०२२ रोजी सरकारला गव्हाची निर्यात बंद करावी लागली. युद्ध तिकडे, ऊन पंजाबात आणि हिशेब मात्र आपल्या पिठाच्या डब्यात!

आता आपल्या गोदावरीकडे पाहा. वर नाशिक-नगरची धरणे, खाली पैठणला जायकवाडी. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा धो धो कोसळतो, नाहीतर दीर्घ दडी मारतो. मग भांडण आलेच. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले. त्याने २०१४ साली नियम घातला की, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या आत असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. २०२३ साली असे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. इकडे "सोडू नका" म्हणून आंदोलन, तिकडे "लवकर सोडा" म्हणून आंदोलन. पण इकडे द्राक्षबागेत राबणारी आणि तिकडे ऊसतोडीला जाणारी, दोन्हीकडची माणसे आपलीच ना? लातुरात तर २०१६ साली पाणवठ्यांवर जमावबंदी लावावी लागली आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

या मालिकेत एक उणीव मला जाणवली. ती जगाकडे सेनापतीच्या नजरेने पाहते. तिच्या मते भांडणाचे मूळ तुटवड्यात आहे. आपला अनुभव वेगळा आहे. महाडच्या चवदार तळ्यात पाणी भरपूर होते, तरीही आपल्याला ओंजळभर मिळत नव्हते. त्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. म्हणून म्हणतो, पाणी किती आहे यापेक्षा ते वाटते कोण, हा प्रश्न मोठा आहे.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीचा प्रसंग दिला आहे. शाक्य व कोलीय पाण्यावरून भांडले. शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. तरुण सिद्धार्थाने विरोध केला. आपल्यातील दोघे, त्यांच्यातील दोघे आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी तंटा मिटवावा, अशी त्याची सूचना होती. ती बहुमताने फेटाळली गेली. पुढे सैन्यात जाण्यासही त्याने नकार दिला आणि अखेर घर सोडले. गृहत्यागाचे कारण पाणी आणि युद्ध! डायर यांची मालिका ऐकून झाल्यावर हा भाग घरात मोठ्याने वाचा. आजच्या जगाला तो किती लागू पडतो, ते मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

आमच्या नळाचे पुढे काय झाले? दोन या बाजूच्या, दोन त्या बाजूच्या आणि चौघींनी निवडलेली एक म्हातारी आजी, अशा पाच जणींनी हंड्यांची पाळी लावून दिली. ती दोन घरे आजही एकमेकांकडे चहाला जात नाहीत. पण नळावर त्यानंतर हंडा आदळला नाही.