पोटाचे ऑपरेशन आणि पोटाचा इतिहास

लठ्ठपणा हा श्रीमंतांचा आजार आहे, असा आपल्या समाजात पक्का समज आहे. ज्याच्या घरी खायला मुबलक त्याचे पोट सुटते आणि ज्याच्या नशिबी कष्ट त्याचे शरीर काटक राहते, असे आपण मानत आलो. हा समज आता टाकून दिला पाहिजे. अंबरनाथ एमआयडीसीच्या आनंदनगर, मोरिवली, चिखलोली या पट्ट्यात शिफ्ट सुटताना पाहावे. पोट सुटलेले, गुडघा धरून चालणारे, बसल्या जागी धाप लागणारे कामगार त्या गर्दीत असतात आणि त्यातले बरेचसे कंत्राटी असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील २४ टक्के महिला आणि २२.९ टक्के पुरुष जास्त वजनाचे आढळले. त्याच पाहणीत १८.७ टक्के महिला कमी वजनाच्याही निघाल्या. भूक आणि चरबी एकाच देशात, एकाच वस्तीत, कित्येकदा एकाच घरात नांदत आहेत.

म्हणूनच वजन कमी करण्याचे ऑपरेशन हा विषय आता आपल्याही वस्त्यांत निघू लागला आहे. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये आणि अरुण जेटली यांनी २०१४ मध्ये हे ऑपरेशन करून घेतले, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याची चर्चा झाली. नेत्यांनी आपल्या प्रकृतीची काळजी घेतली, त्यात गैर काहीच नाही. पण तोच आजार कष्टकऱ्याच्या वाट्याला आला की समाजाची भाषा बदलते. त्याला 'चरबी चढली', 'बसून खातो', 'आळशी आहे' असे ऐकावे लागते.

२०१७ च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी लेखिका शोभा डे यांनी एका लठ्ठ पोलिसाचे छायाचित्र टाकून बंदोबस्ताची थट्टा केली. तो पोलीस मुंबईचा नव्हताच. ते होते मध्य प्रदेश पोलीस दलाचे निरीक्षक दौलतराम जोगावत. आपले वजन खादाडपणाने वाढलेले नाही, १९९३ मधील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर शरीरातील संप्रेरकांचा तोल बिघडला, असे त्यांनी सांगितले. सुमारे १८० किलो वजनाच्या या माणसावर पुढे मुंबईतच मोफत शस्त्रक्रिया झाली. देशभर हसे झाले तेव्हा उपचाराचे दार उघडले! ज्यांची थट्टा वर्तमानपत्रात छापून येत नाही, त्यांनी कोणत्या दारावर उभे राहायचे?

लठ्ठपणा म्हणजे केवळ जिभेचा दोष, हा समज विज्ञानाने मोडीत काढला आहे आणि ते काम आपल्या महाराष्ट्रातही झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यात असे दिसले, की आपली बाळे वजनाला कमी भरतात, हातापायांनी किरकोळ असतात, पण त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने जास्त असते. आईच्या पोटात असताना जे उपासमार सोसतात, त्यांचे शरीर मिळेल ते साठवून ठेवायला शिकते. पुढे त्याच शरीराला शहरात तेल, मैदा आणि साखर मिळाली, की मधुमेह लवकर गाठतो.

याच डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःची आणि एका इंग्रज सहकाऱ्याची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता. इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आता आपण विचार करावा. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी शिळ्या तुकड्यांवर आणि उष्ट्यावर दिवस काढले, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, त्यांच्या नातवाच्या पोटावरची चरबी ही ऐषारामाची खूण कशी असेल? पिढ्यान्पिढ्यांच्या भुकेचाही त्यात वाटा आहे.

आता ऑपरेशनविषयी. त्याचे दोन प्रकार जास्त चालतात. एकात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. दुसऱ्यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. भूक कमी होते, थोड्यात पोट भरते, अनेकांची साखर आटोक्यात येते, रात्री घोरताना श्वास अडकणे कमी होते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण ऑपरेशन न केलेल्यांपेक्षा कमी आढळले. म्हणजे ही केवळ दिसण्याची हौस नाही. मुलीचे लग्न जमत नाही म्हणून तिला ऑपरेशनच्या टेबलावर नेणाऱ्या आईबापांनी आणि ज्याला खरी गरज आहे त्याला 'चालत जा, कमी होईल' म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हे ध्यानात घ्यावे.

पण ऑपरेशन होऊन घरी आले म्हणजे सुटका झाली, असे नाही. पहिले काही दिवस फक्त पातळ पदार्थ, मग घोटलेले, मग मऊ. जेवताना पाणी प्यायचे नाही, अर्ध्या तासाने प्यायचे. घास बारीक चावून सावकाश गिळायचा. घाईने किंवा गोड खाल्ले तर घाम सुटतो, छातीत धडधडते, ओकारी किंवा जुलाब होतात. तीन-चार महिन्यांनी केस गळतात, कातडी लोंबते. बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या जन्मभर. स्त्रियांनी वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची. आतड्याला जोड दिलेल्या रुग्णाला दारू पटकन चढते आणि तिचे व्यसन लागण्याचा धोका वाढतो. सांधेदुखीवर दुकानातून आणलेल्या गोळ्या घेतल्या तर जोडावर जखम होऊ शकते. पथ्य सुटले तर काहींचे वजन पुन्हा वाढते.

हे सारे एमआयडीसीतील हेल्परच्या दिवसात बसवून पाहा. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, त्यात हात धुण्याची रांग. आठवडा दिवसपाळी, आठवडा रातपाळी. चहाबरोबर वडापाव, कारण तोच परवडतो आणि तोच गेटवर मिळतो. ओव्हरटाइम नाकारला तर दुसऱ्या दिवशी कंत्राटदार कामावर घेईलच असे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तर राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. अशा माणसाने दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे कधी आणि कुठे खायचे?

पथ्याच्या कागदावर रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने लिहिलेली असतात आणि खाली पनीर व डब्यातली पावडर सुचवलेली असते. आपल्या वस्तीत स्वस्त प्रथिनाचा एक आधार बैलाचे मटण हा होता. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने बैल व वळूच्या कत्तलीवर बंदी आली. जानेवारी २०२५ मध्ये शाळेतल्या मुलांच्या अंड्यांसाठीचा सरकारी निधीही बंद करण्यात आला. एकीकडे गरिबाच्या ताटातून प्रथिने काढून घ्यायची आणि दुसरीकडे त्याच्या पोटाला नावे ठेवायची, याला न्याय म्हणत नाहीत.

खासगी रुग्णालयात या ऑपरेशनचा खर्च काही लाखांत जातो. खासगी विम्यासाठी नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये अट घातली, की बीएमआय ४० असावा, किंवा ३५ असून त्यासोबत हृदयविकार, आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर आजार असावा. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसासाठी याचा अर्थ अनुक्रमे सुमारे १०९ आणि ९५ किलो. मुळात हे आकडे अमेरिकेत १९९१ मध्ये ठरले. २०२२ मध्ये जगातील शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी ते ३५ आणि ३० पर्यंत खाली आणले आणि आशियाई लोकांसाठी आणखी कमी धरावेत, असे सांगितले. परक्या देहाच्या मापाने कापलेली पट्टी आपल्या देहाला लावून 'तुम्ही बसत नाही' म्हणणे, हे आपल्याला नवे नाही!

कामगाराचा खरा आधार आहे तो कामगार विमा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा तयार केला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. ज्या महामानवाला स्वतः मधुमेहाने शेवटपर्यंत छळले, त्याच्या कारकिर्दीत रुजलेली ही योजना आहे. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी ठरली. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळण्याची त्यात तरतूद आहे. कंत्राटदाराने वर्गणी भरली नाही तर मुख्य मालक जबाबदार, हेही त्या कायद्याने सांगितले. हे किती हेल्परांना ठाऊक आहे?

बौद्ध साहित्यात कोसलचा राजा प्रसेनजित याची गोष्ट आहे. तो बेसुमार जेवून धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याची निंदा केली नाही. भोजनात मात्रा सांभाळणाऱ्याच्या वेदना कमी होतात, एवढेच समजावले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला रोज जेवणाच्या वेळी ते वचन म्हणायला नेमले, त्याला त्याचा मोबदला दिला आणि हळूहळू त्याचे शरीर हलके झाले. उपदेश पुरला नाही. रोज आठवण करून देणारे माणूस लागले आणि त्याचा खर्च उचलणारा खजिनाही लागला. राजाकडे दोन्ही होते. कामगाराकडे काय आहे?

म्हणून मागणी नेमकी हवी. उल्हासनगरच्या कामगार विमा रुग्णालयात वजन व साखरेचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग, आहारतज्ज्ञ आणि ऑपरेशननंतरच्या तपासण्या असाव्यात. कोणत्या रुग्णाला हे ऑपरेशन मिळू शकते, त्याचा नियम मराठीत फलकावर लावावा. अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२४ मध्ये परवानगी मिळाली आहे, तिथे हा विषय पहिल्यापासून घ्यावा. जुन्या कारखाने कायद्यात २५० हून अधिक कामगारांमागे असलेली कॅन्टीनची सक्ती नव्या संहितेत १०० कामगारांवर आली आहे आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजायचे आहेत. त्या कॅन्टीनमध्ये अंडी, उसळ आणि डाळ मिळावी यासाठी युनियनने भांडावे.

आणि आपण? आपल्या विहारात, आपल्या नाक्यावर जाड माणसाची थट्टा बंद करावी. ज्याला डॉक्टरने ऑपरेशन सुचवले आहे, त्याने कर्ज काढण्याआधी आपले विमा कार्ड आणि वर्गणीची नोंद तपासावी, ऑपरेशननंतरची पाच वर्षे कोण तपासणार हे डॉक्टरला विचारावे आणि मगच होकार द्यावा. पोट आपले आहे, त्याचा निर्णय पूर्ण माहिती घेऊन आपणच केला पाहिजे.