नावानिशी साक्ष

नोव्हेंबर १९०५. लंडनच्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत एक टपाल येऊन पडले. काँगोतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल लगोलग ब्रुसेल्समध्ये प्रसिद्ध व्हायचा होता. अहवाल फ्रेंचमध्ये, चांगला लांबलचक. त्याचा आयता इंग्रजी सारांश या टपालात होता आणि पाठवणाऱ्या संस्थेचे नाव होते ‘वेस्ट आफ्रिकन मिशनरी असोसिएशन’. संपादकांनी तो विश्वासाने छापला. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या कारभारात तसे काही वावगे नाही, असा त्याचा एकंदर सूर होता. पुढे मूळ अहवाल हाती आला, तेव्हा दोहोंचा मेळच बसेना. त्या नावाची मिशनरी संस्थाही कुठे सापडेना. सगळा उद्योग लिओपोल्डच्या प्रचारखात्याचा होता.

राजाकडे पैसा होता, वकील होते, बांधून घेतलेले पत्रकार होते. तरी खोटे खपवायला त्याला मिशनचेच नाव का घ्यावेसे वाटले? काँगोच्या आतली खबर म्हणजे मिशनची खबर, असे तोवर युरोपात ठरून गेले होते म्हणून. हा भरवसा निव्वळ धर्मनिष्ठेतून आलेला नव्हता. तो ज्या कामातून आला त्याला आज संस्था ‘माध्यम विभाग’ म्हणतात. तेव्हा त्याला तसे नाव नव्हते; एखादे जोडपे, एक कॅमेरा, टपालाची पिशवी आणि लंडनमधले एक मासिक एवढाच त्याचा पसारा.

बर्लिन परिषदेत (१८८४-८५) युरोपीय सत्तांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले आणि त्याच सुमारास बेल्जियमच्या सुमारे ७६ पट मोठा काँगोचा मुलूख लिओपोल्डच्या खासगी मालकीचा झाला. त्या भूमीवर त्याने आयुष्यात कधी पाऊल ठेवले नाही. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर काढला आणि रबराला सोन्याचे दिवस आले. काँगोच्या जंगलात रबराच्या वेली आपोआप वाढत. लागवड करायला नको, खर्च नाही, फक्त चीक आणणारे हात हवेत. ते हात मिळवण्याची रीत अशी, की गावातल्या बायकांना ओलीस धरायचे आणि पुरुषांना जंगलात पिटाळायचे. ठरलेले वजन भरले नाही तर पाणघोड्याच्या कातड्याचा चाबूक, नाहीतर गोळी. शिपायांना काडतुसांचा हिशेब द्यावा लागे. गोळी शिकारीवर उडवली नाही, माणसावरच खर्ची पडली, याचा पुरावा म्हणून मेलेल्याचा उजवा हात कापून आणायचा. काडतूस शिकारीवर खर्ची पडले असेल, तर हिशेब जुळवायला जिवंत माणसाचाही हात कापला जाई.

मारिंगा आणि लोपोरी या नद्यांच्या खोऱ्यात अँग्लो-बेल्जियन इंडिया रबर कंपनीचे राज्य होते आणि त्याच खोऱ्यात ‘काँगो बालोलो मिशन’ची ठाणी होती. हे मिशन १८८९ चे, इंग्रज प्रॉटेस्टंटांचे. लंडनहून त्याचे ‘रीजन्स बियाँड’ नावाचे मासिक निघे. ठाण्यावरच्या माणसाने पत्र लिहायचे, नदीतून महिनोन्‌महिने प्रवास करत ते लंडनला पोचायचे, संपादकाने त्यातले निवडून छापायचे, चर्चमध्ये ते वाचले जायचे आणि त्यातून वर्गणी जमायची. बाप्तिस्मे किती झाले, शाळेत पोरे किती, तापाने कोण दगावले, असाच मजकूर असायचा. वर्गणीदाराचा उत्साह टिकवणे हे त्या लिखाणाचे काम होते.

अत्याचार त्यात बरीच वर्षे दिसत नाहीत. हे मौन हिशेबात धरायलाच हवे, कारण पुढच्या गौरवकथांमध्ये ते सोयीस्कर गळून जाते. नव्या ठाण्याला जागा राज्याकडून मिळायची. रेशनपाणी आणि टपाल ज्या नदीने यायचे तिच्यावर राज्याची आणि कंपनीची सत्ता होती. मिशनच्या पुढाऱ्यांना वाटे, तक्रार केली तर हाकलून देतील आणि मग या लोकांना कोणी वालीच उरणार नाही. त्या भीतीत तथ्य होते, पण गप्प बसण्याची किंमत मिशनने मोजली नाही, गावांनी मोजली. शोब्लोम नावाचा एक स्वीडिश बाप्टिस्ट मात्र १८९६-९७ मध्येच स्वीडनमध्ये आणि लंडनमध्ये उघडपणे बोलला होता. त्याच्या बोलण्याने खळबळ झाली आणि विरली. बालोलो मिशनची जाहीर वाचा फुटायला १९०३ उजाडावे लागले.

अ‍ॅलिस सीली या इंग्रज तरुणीने १८९८ मध्ये जॉन हॅरिसशी लग्न केले आणि लग्नानंतर काही दिवसांतच दोघे काँगोच्या बोटीवर चढले. मारिंगाकाठच्या बारिंगा ठाण्यावर ती मुलांना शिकवायची आणि कॅमेरा चालवायची. १४ मे १९०४ या दिवशी शेजारच्या वाला या गावचा न्साला नावाचा माणूस ठाण्यावर आला. गावाने रबर पुरेसे दिले नाही म्हणून कंपनीच्या पहारेकऱ्यांनी हल्ला केला होता. त्यात न्सालाची बायको आणि पाचेक वर्षांची मुलगी बोआली मारली गेली होती. पानांत गुंडाळलेले एक पुडके त्याच्यापाशी होते. ते उलगडले तेव्हा आत बोआलीचा एक पंजा आणि एक पाऊल होते.

अ‍ॅलिसने त्याला व्हरांड्यावर बसायची विनंती केली. छायाचित्रात न्साला व्हरांड्याच्या कडेला बसला आहे, चेहरा एका बाजूने दिसतो, अंग उघडे, कमरेला वस्त्र. समोर फळीवर त्या दोन लहान वस्तू ठेवलेल्या. मागे जरा दूर दोघे जण आहेत. रक्त नाही, आक्रोश नाही. तो कॅमेऱ्याकडे बघतही नाही. या चित्राबद्दल बोलताना लोक छायाचित्रकर्तीच्या धैर्याबद्दल बोलतात आणि ते योग्यच आहे. पण पुडके घेऊन ठाण्यापर्यंत यायचे हे न्सालाने ठरवले होते. ज्यांच्या बंदुकांनी घर उठवले त्यांच्याच मुलखातून तो पुरावा घेऊन चालत आला. त्या दिवशीचा पहिला वार्ताहर तोच होता.

लिव्हरपूलमध्ये एडमंड मोरेल अशाच पुराव्याची वाट बघत होता. जहाज कंपनीत कारकून असताना त्याने बंदरातली नोंद पाहिली होती: काँगोहून येताना जहाजे रबर आणि हस्तिदंताने भरलेली, जाताना त्यांत मुख्यतः बंदुका आणि दारूगोळा. व्यापार असता तर बदल्यात माल गेला असता. हे वेठीचे राज्य आहे, हे त्याने आकड्यांवरून ओळखले. त्याने नोकरी सोडली आणि मार्च १९०४ मध्ये ‘काँगो रिफॉर्म असोसिएशन’ उभी केली. तो काँगोला गेलेला नव्हता. आतली हकीगत, नावे, तारखा, चित्रे हे सगळे मिशनऱ्यांच्या पत्रांतून यायचे. न्सालाचे चित्र त्याने त्याच वर्षीच्या आपल्या पुस्तकात छापले.

मग आला जादूचा कंदील. काचपट्टीवर उतरवलेले छायाचित्र दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठे करून दाखवायचे हे यंत्र मिशनवाल्यांच्या सरावाचे होते. परदेशी ठाण्यांची चित्रे दाखवून निधी जमवण्याची ती जुनी पद्धत. हॅरिस जोडपे १९०५ मध्ये मायदेशी परतले आणि दोघांनी मिळून, कधी वेगवेगळे, शेकडो सभा घेतल्या. आधी नदी, जंगल, गावे. मग हात तोडलेली मुले, योकासारखी. मग मोला, सैनिकांनी दोर इतके आवळले होते की त्याचे हात सडून गेले. शेवटी ठराव आणि प्रार्थना. सभेत ठेवलेल्या बेड्या आणि चाबूक लोक हातात घेऊन बघत. मार्क ट्वेनने १९०५ मध्ये लिओपोल्डच्या तोंडी जे काल्पनिक स्वगत घातले, त्यात राजा कॅमेऱ्यावर चडफडतो, कारण लाच देऊन गप्प करता न आलेला तो एकच साक्षीदार निघाला.

ट्वेनचे हे म्हणणे गाजले, पण मला ते अपुरे वाटते. कॅमेऱ्याला खोटे पाडणे लिओपोल्डच्या माणसांना मुळीच जड नव्हते. एपोंडो नावाच्या हात तुटलेल्या मुलाचे प्रकरण बघावे. ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट याने १९०३ मध्ये अमेरिकन बाप्टिस्टांची आगबोट भाड्याने घेऊन खोऱ्याचा दौरा केला आणि एपोंडोची तक्रार नोंदवली. राज्याच्या अधिकाऱ्यांनी त्या मुलाला नंतर गाठून त्याच्याकडून वदवून घेतले, की हात रानडुकराने तोडला. हात नाही हे चित्र सांगते, कोणी नेला ते सांगत नाही. त्यासाठी माणूस, गाव, दिवस, शिपायाचे नाव लागते आणि ते सगळे त्या माणसाच्या भाषेत विचारून घ्यावे लागते. मिशनरी वर्षानुवर्षे तिथे राहिले होते, लोमोंगो बोलत होते, गावकरी त्यांना नावाने ओळखत होते. त्यांच्या बातमीचे वजन इथे होते.

केसमेंटला हे पुरते ठाऊक होते. त्याच्या अहवालात साक्षीदारांची आणि गुन्हेगारांची नावे होती. फेब्रुवारी १९०४ मध्ये ब्रिटिश परराष्ट्र खात्याने तो छापला तेव्हा सगळी नावे गाळून त्यांच्या जागी नुसती अक्षरे घातली. केसमेंट संतापला. त्याचा संताप रास्त होता: अक्षराला आई नसते, गाव नसते, त्याच्याबद्दल कोणी उठून सांगू शकत नाही की मी याला ओळखतो.

ज्याच्या अहवालाने सुरुवात केली तो चौकशी आयोग काँगोत आला १९०४ च्या अखेरीस. तिघे न्यायाधीश: एक बेल्जियन, एक इटालियन, एक स्विस. लिओपोल्डला वाटले होते, हे आपली बाजू सावरून घेतील. बारिंगाला सुनावणी झाली, तेव्हा लोंतुलू नावाचा मुखिया पुढे आला. त्याला फटके बसले होते, ओलीस ठेवले होते, साखळदंडात राबवले होते. त्याने आयोगाच्या टेबलावर ११० काटक्या ठेवल्या. रबरापायी मारल्या गेलेल्या त्याच्या माणसांची एकेक काटकी. त्यांचे चार ढीग केले: प्रतिष्ठित, पुरुष, बायका, मुले. मग एकेक काटकी घेऊन त्याने प्रत्येक मृताचे नाव सांगितले.

परराष्ट्र खात्याने जे पुसले ते लोंतुलूने असे भरून काढले. कागद नव्हता, छापखाना नव्हता, पण हिशेब चोख होता, आणि तो मांडायची ही पद्धत त्याची स्वतःची होती. व्याख्यानाच्या पडद्याचा भर मात्र वेगळा होता. कंदिलाच्या त्या खेळात काँगोचा माणूस सोसणारा दिसायचा, हिशेब मागणारा दिसायचा नाही. सभागृहातल्या इंग्रजाला कणव यावी आणि आपण वाचवू शकतो असे वाटावे, अशीच त्या चित्रांची मांडणी होती. युरोपने तिथे राज्यच का करावे, हा प्रश्न मोरेल किंवा हॅरिस यांनी सभेत विचारला नाही. त्यांची मागणी बऱ्या कारभाराची होती. नोव्हेंबर १९०८ मध्ये बेल्जियम सरकारने काँगो राजाकडून आपल्या ताब्यात घेतला. राजाचा खासगी अंमल संपला, हात तोडणे थांबले. वेठ मात्र वेगळ्या नावांनी पुढे चालू राहिली. आफ्रिकेच्या दुःखाचे चित्र दाखवून पैसे मागण्याची जी तऱ्हा आजही मदतसंस्थांच्या जाहिरातींत दिसते, तिचे एक मूळ या व्याख्यानांत आहे. ज्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे त्यांच्याच कामात ते आहे, म्हणून ते लिहायला हवे.

काँगोतल्याच कसाई नदीच्या खोऱ्यातली हकीगत याहून गुंतागुंतीची. तिथे विल्यम शेपर्ड हा अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा कृष्णवर्णीय मिशनरी १८९१ पासून काम करत होता. १८९९ मध्ये एका हल्ल्याची चौकशी करायला गेला असता त्याने आगीवर धूर देऊन वाळवत ठेवलेले ८१ उजवे हात स्वतः मोजले होते. जानेवारी १९०८ मध्ये ‘कसाई हेरल्ड’ या मिशनच्या छोट्या वार्तापत्रात त्याने तिथल्या कुबा लोकांविषयी लिहिले. लेखात तोडलेले हात नव्हते. पूर्वी ऐटीत राहणारी, नीटनेटकी घरे बांधणारी माणसे रबराच्या सक्तीने कशी खंगत गेली, एवढेच होते. अमेरिकेतले मूठभर वर्गणीदार वाचतात त्या वार्तापत्रावर कसाईच्या रबर कंपनीने बदनामीचा दावा लावला. १९०९ मध्ये लिओपोल्डविलला खटला चालला. शेपर्डच्या बाजूने बेल्जियन समाजवाद्यांचा पुढारी एमिल व्हान्डरव्हेल्ड उभा राहिला. धर्मावर त्याचा विश्वास नव्हता, तरी तो फी न घेता इतक्या लांब आला. शेपर्ड सुटला. न्यायाधीशाने सुटकेला कारण दिले ते असे, की लेखात या कंपनीचे नाव घेतलेले नाही. नाव घेतल्याने साक्ष भक्कम होते आणि न घेतल्याने साक्षीदार वाचतो, ही दोन्ही टोके या कामात अशी समोरासमोर आली. धोक्याच्या मुलखातून बातमी पाठवणाऱ्या प्रत्येकाला ती आजही जुळवावी लागतात.

आयोगापुढे शेकडो लोकांनी दिलेल्या जबान्या प्रसिद्ध अहवालात आल्याच नाहीत. त्या ब्रुसेल्सच्या दप्तरात बंद होत्या आणि संशोधकांना बघायला मिळाल्या त्या १९८० नंतरच्या दशकात. अ‍ॅलिस हॅरिस १९७० पर्यंत जगली. तिने काढलेली चित्रे अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या संस्थेने जपली आहेत. न्सालाचे चित्र आता फोनवरून फिरते, बहुधा गाव आणि मुलीचे नाव वगळून, कधी चुकीच्या गोष्टीसह. ज्यांना ते छापायचे किंवा पाठवायचे असेल, त्यांनी खाली निदान एवढा मजकूर द्यावा: न्साला, गाव वाला, मुलगी बोआली हिच्या अवशेषांसह, बारिंगा, काँगो, १४ मे १९०४, मारणारे अँग्लो-बेल्जियन इंडिया रबर कंपनीचे पहारेकरी, छायाचित्र अ‍ॅलिस सीली हॅरिस.