निरोप्या पोराची अवकाशझेप

लंडनचे चार्ल्स चिल्टन १९१७ साली जन्मले. बाप पहिल्या महायुद्धात पडला, आईही लवकर गेली, आजीने वाढवले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे हा पोर बीबीसीत निरोप्या म्हणून लागला आणि तिथेच शिकत शिकत लेखक व निर्माता झाला.

२१ सप्टेंबर १९५३ रोजी त्यांची ‘जर्नी इन्टू स्पेस’ ही विज्ञान-नाट्यमालिका रेडिओवर सुरू झाली. पहिल्या कथेचे १८ भाग झाले. माणूस चंद्रावर उतरायला अजून सोळा वर्षे होती! यान, अंतराळ, भीती, सारे केवळ आवाज व संगीतातून उभे करायचे होते. लोकांनी रेडिओ सोडला नाही.

परंतु या कथेच्या मूळ फिती पुसल्या गेल्या. १९५८ साली ती नव्याने ध्वनिमुद्रित केली, म्हणून आज ऐकता येते.

बंधू-भगिनींनो, आपल्या तीर्थपुरीतही कुणाच्या ट्रंकेत आजोबांच्या, शाहिरांच्या आवाजाच्या जुन्या कॅसेटी असतील. आम्ही एवढेच सुचवतो: फेकण्याआधी त्या मोबाईलमध्ये उतरवून घ्या. चिल्टन यांना पुन्हा मुद्रण करता आले. आपले म्हातारे गेले की कोण गाणार?