वऱ्हाडी सवय आणि परदेशातलं ऊन

मे महिन्यात कारंजा लाडचा पारा ४४ अंशांवर गेला की दारव्हा वेशीपासून दिल्ली वेशीपर्यंत दुपारची वर्दळ आपोआप ओसरते. दुकानांवर पडदे येतात, बाहेर पडणाऱ्याच्या तोंडाला दुपट्टा असतो, घरोघर कुलरमध्ये पाणी ओतलं जातं. अशा गावात वाढलेला माणूस दुबईला, दोह्याला किंवा लंडनला निघाला की घरची माणसं निर्धास्त असतात. वऱ्हाडच्या माणसाला ऊन काय करणार! हा भरवसा मला धोक्याचा वाटतो. कारंज्यात माणसाला सांभाळतं ते त्याच्या अंगातल्या काटकपणापेक्षा जास्त तिथली कोरडी हवा, तिथलं घर आणि दिवसाची आखणी. यातलं काहीही विमानात बसून सोबत येत नाही.

आधी हवेचं पाहू. माणूस थंड राहतो तो घाम सुकतो म्हणून, नुसता घाम येतो म्हणून नव्हे. कुलर चालतो तोही याच न्यायाने: वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून कोरडी हवा गेली की पाण्याची वाफ होते आणि ती वाफ हवेतली उष्णता घेऊन जाते. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं तर तो जो आकडा दाखवतो, तिथपर्यंतच घाम किंवा कुलर आपल्याला थंड करू शकतो. हवा ४४ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हा ओला आकडा २३ अंशांच्या आसपास येतो. आखाताच्या किनाऱ्यावर हवा ३८ अंशांचीच, पण आर्द्रता ६० टक्के असेल तर तोच आकडा ३१ होतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तरुण, धडधाकट माणसांची शरीरंही दमट हवेत साधारण याच आकड्यापाशी आतली उष्णता आवरायला कमी पडू लागली. म्हणजे सहा अंशांनी ‘थंड’ असलेली दुबई कारंज्यापेक्षा जास्त घातक ठरू शकते. हे कारंजेकराला खरं तर ठाऊक आहे. मृग लागतो, ढग भरून येतात, पाऊस मात्र पडत नाही, तेव्हा तोच कुलर नुसती चिकचिक वाढवतो आणि लोक तो बंद करून टाकतात. आखातातला जुलै-ऑगस्ट असा असतो, आणि तिथे मागून पाऊस येत नाही.

यावर कोणी म्हणेल, शरीराला उन्हाची सवय होते हे तर खरं ना? खरंच आहे. एक-दोन आठवडे रोज थोडं थोडं उन्हात राबलं की घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, हृदयावरचा ताणही घटतो. पण ही कमाई टिकाऊ नसते. काही आठवडे वातानुकूलित खोलीत किंवा थंडीत काढले की ती उतरते. पुण्यातल्या ऑफिसात वर्षभर बसलेल्या मुलाने लहानपणच्या उन्हाळ्यांवर विसंबू नये. अमेरिकेतल्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा संस्थेच्या म्हणण्यानुसार उघड्यावरच्या कामात उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्मे ते सत्तर टक्के मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी वीस टक्केच काम द्या आणि पुढे रोज तेवढंच वाढवत न्या, असं ती सांगते. हा नियम वऱ्हाडातून आलेल्यालाही लागू आहे.

युरोपची गोष्ट वेगळी. उष्णतेच्या लाटेत तिथली हवा बहुधा कोरडी असते. वैरी ठरतं ते घर. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमधल्या कॉनिंग्सबी इथे ४०.३ अंशांची नोंद झाली तेव्हा आपल्याकडे पुष्कळांना हसू आलं असेल. आपल्याकडे तर एवढं तापमान एप्रिलमध्येच असतं. पण त्या उन्हाळ्यात युरोपभर उष्णतेने ६१ हजारांहून जास्त माणसं गेल्याचा अंदाज आहे, आणि २००३ मध्ये एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार. तिथली घरं उष्णता कोंडून ठेवण्यासाठीच बांधलेली. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंती दिवसाचं ऊन अडवायच्या आणि रात्री माणसं बाजा टाकून अंगणात झोपायची. लंडनच्या फ्लॅटला अंगण कुठलं? २००३ च्या फ्रान्समधल्या अभ्यासात छताला लागून असलेल्या वरच्या मजल्यावर राहणं हा वृद्धांसाठी मोठा धोका ठरला होता. म्हणून तिथे घर भाड्याने घेताना वरचा मजला शक्यतो टाळावा. दिवसा खिडक्या-पडदे बंद ठेवावेत, ऊन काचेच्या बाहेरच अडवावं, रात्री सगळं उघडावं. ओलं फडकं अंगावर घेऊन पंख्याखाली बसण्याचा कारंज्याचा उपाय तिथे उत्तम चालतो. मात्र हवा चाळिशीपलीकडे गेली की कोरड्या अंगावरचा पंखा उलट तापवतो.

एसी आहे की, असंही म्हटलं जाईल. आखातात आहेच, आणि घरात बसून काम करणाऱ्यांचं त्यावर भागतं. बांधकामावरच्या माणसाचं भागत नाही. म्हणूनच संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन, आणि कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. कारंज्याचा बाजार जे शहाणपणाने करतो, ते तिथे कायद्याने करावं लागलं. जाणाऱ्याने ही वेळ पाठ करावी. तो हक्क आहे, मालकाची मेहरबानी नव्हे. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवल्या जाणाऱ्या कांद्याबद्दल मला वाद घालायचा नाही, पण त्याच्या भरवशावर कोणी उन्हात उभं राहू नये. पन्ह्याचं तसं नाही, त्यातून पाणी, मीठ आणि साखर तिन्ही पोटात जातात.

सर्वांत जास्त काळजी हवी ती मुलाकडे उन्हाळा काढायला जाणाऱ्या आईवडिलांची. वय झालं की तहान कमी लागते, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी अंगातलं पाणी घटतं, आणि ‘आपल्याला सवय आहे’ म्हणून ती माणसं तक्रारही करत नाहीत. निघण्यापूर्वी गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या. तिकडे असताना कोणी असंबद्ध बोलू लागलं, तोल जाऊ लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजा, अंगाला घाम असला तरी. कपडे सैल करून अंगभर पाणी ओता, वारा घाला, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, आणि लगेच फोन करा: युरोपात बहुतेक ठिकाणी ११२, ब्रिटन आणि कतारमध्ये ९९९, अमिरातीत रुग्णवाहिकेसाठी ९९८. हे आकडे आजच आईवडिलांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा.