अस्वल अंगावर का येते?

हत्तींचा त्रास दोडामार्ग-गडचिरोलीला. बुलढाण्यात धास्ती अस्वलाची. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला पहाटे शेतात निघालेला माणूस आणि वारूळ उकरणारे अस्वल अचानक समोरासमोर येतात. अस्वलाच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले २ दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी फुरफुर आवाज करत ओढते. मान खाली, त्यात हा आवाज; माणसाची चाहूल त्याला लागतच नाही. नजरही अधू. मग दचकते आणि तुटून पडते, बरेचदा डोक्या-चेहऱ्यावर. तेव्हा एकट्याने मुकाट जाऊ नका; बोलत, काठी आपटत जा. जखम झालीच, तर हळद-चुना भरू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा आणि थेट रुग्णालय गाठा. लहान ओरखडे साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. रेबीजच्या लसीचे डॉक्टरांना विचाराच.